मारियाला दाखवायचा गोल

वासिले-सान चेंडूकडे बघायचेच नाहीत. जपानमधल्या त्सुकुबातल्या आमच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या संघाला ते रविवारी फुटबॉल शिकवायला यायचे, तेव्हा पहिल्याच दिवशी हे माझ्या लक्षात आलं. चेंडू कुठेही असो, त्यांची नजर माणसांच्या खांद्यांवर. मी कोल्हापूरचा, पेठेतल्या तालमीच्या संघातून खेळलेला. चेंडूमागे जीव खाऊन धावणं म्हणजेच फुटबॉल, असं मला वाटायचं. मला थांबवून ते मोडक्या जपानीत म्हणाले, "चेंडूला डोकं नसतं. ज्याला डोकं आहे, त्याच्याकडे बघ."

ते मोल्दोव्हाचे; नावापुढचं 'सान' म्हणजे जपानीतलं 'राव'. हा देश नकाशावर कुठे आहे, हेही मला त्यांच्यामुळेच कळलं. द्राक्षमळ्यांच्या गावातून बाहेर पडलेले त्यांच्या घरातले ते पहिलेच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीही पहिलाच. म्हणून ते मला जवळचे वाटले असतील का, नक्की सांगता येत नाही. आधी राजधानीतला क्लब, मग शेजारचे दोन-तीन देश, आणि शेवटी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरचा एक छोटा क्लब, असं ते खेळत आले. २०११ चा भूकंप झाला तेव्हा ते तिथेच होते. इतर परदेशी खेळाडू घरी परतले. यांची आई फोनवर रडत होती, तरी हे राहिले. सकाळी निवारा केंद्रात पाण्याचे कॅन वाहायचे आणि दुपारी पार्किंगच्या जागेत सराव करायचे. का राहिलात, असं मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "संघात स्ट्रायकर मी एकटाच. मी गेलो असतो तर गोल कुणी केला असता?" ते विनोद करत नव्हते. सामने पुन्हा सुरू झाले तेव्हा पहिला गोल त्यांनीच केला.

त्यांची मुलगी मारिया नऊ वर्षांची. आई जपानी, त्यामुळे बाबांनी कुठल्याही भाषेत विचारलं तरी ही उत्तर जपानीतच द्यायची. वडिलांचे जुने गोल तिने इंटरनेटवर पाहिले होते. पण कॅमेरा चेंडूमागे फिरतो, आणि वासिले-सान त्यात शेवटच्या क्षणी कुठूनतरी उगवतात. चेंडू पायाला लागतो, गोल होतो. मारिया सगळ्यांसमोर म्हणायची, "पापा नुसते लकी होते." ते हसायचे, पण त्यांना ते लागायचं. गुडघ्याची मोठी शस्त्रक्रिया ठरली होती, त्यानंतर मैदान कायमचं बंद. त्याआधी संशोधकांच्या संघाशी आमचा सामना होता. ते मला म्हणाले, "मी खेळणार. हिने एकदा खरं बघायला हवं."

समोरच्या संघात डिफेंडर होता पुण्याचा मंदारदादा, आमच्याच विद्यापीठात पीएचडीनंतरचं संशोधन करणारा. वासिले-सान धावतच नव्हते. मंदारदादाच्या आसपास नुसते चालत होते.

"अरे, हे स्ट्रायकर आहेत की सिग्नलचा खांब?" मंदारदादा मला ओरडून म्हणाला.

"दादा, तू जप हां," मी म्हणालो. पण खरं तर मलाही काळजी वाटत होती.

उत्तरार्धात मी डावीकडून चेंडू आत टाकला. तो बघायला मंदारदादाने मान वळवली, आणि तेवढ्यात वासिले-सान त्याच्या पाठीमागून निघून पुढे आले होते. बुटाचं टोक लावलं. गोल.

"मी इथेच होतो की रे! हे आले कुठून?" मंदारदादा स्वतःभोवती फिरून बघत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतका वेळ ते चालत नव्हते, मंदारदादाला स्वतःची सवय लावत होते.

बाहेर बसलेली मारिया म्हणाली, "एवढंच? परत लकी!" तिनेही चेंडूच पाहिला होता.

वासिले-सान लंगडत निघाले. बाहेर येऊन गुडघ्यावर बर्फ धरून बसले. सामना संपला, सगळे बुटांच्या नाड्या सोडायला लागले, तेव्हा ते उठले आणि मारियाला हाताला धरून गोलसमोर घेऊन गेले.

"अहो वासिले-सान, गुडघा!" मंदारदादा घाबरून मराठीतच ओरडला.

"तू डिफेंडर," ते मारियाला म्हणाले. "मला गोल करू द्यायचा नाही." आणि मला हाक मारली, "तसाच दे."

मारिया हुशार. तिने त्यांच्या टी-शर्टचं टोक मुठीत घट्ट पकडलं. ते तिच्याशेजारी उभे, हात मागे, काहीच न करता. थोड्या वेळाने तिची मूठ सैल झाली. मी चेंडू टाकला. तिने तिकडे पाहिलं. परत वळली तेव्हा मूठ रिकामी होती, वडील तिच्या पुढे होते आणि चेंडू जाळ्यात.

"झुरुई! पापा, झुरुई!" ती पाय आपटत ओरडली. झुरुई म्हणजे चीटिंग.

वासिले-सान गोलपोस्टला धरून, पाय वर उचलून उभे होते. दुखत असणारच. पण इतका खूश माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

"ऐकलंस?" ते मला म्हणाले. "नुसत्या लकी माणसाला कुणी असं म्हणत नाही."