उजवीकडची खूण

"बोला, पुढं बोला!" उजव्या हाताची दोन बोटं कानाजवळ उंच धरून माझे एक पेशंट काका म्हणायचे, आणि समोरचा माणूस, मग तो वॉर्डातला शिपाई असो की सर्जन, मनातलं बोलून मोकळा व्हायचा. वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची हर्राशी, म्हणजे लिलाव, पुकारण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. आवाज असा की आमच्या ओपीडीत ते कुजबुजले तरी बाहेरच्या बाकावर ऐकू जायचं.

मी संभाजीनगरातल्या एका कॅन्सर रुग्णालयात सिस्टर आहे. आतड्याच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या पोटावर शौचाची पिशवी येते, त्यांना ती सांभाळायला शिकवणं हे माझं काम. त्यामुळे नवा रुग्ण माझ्याकडे येतो तोच तोंड पाडून. हे मात्र आल्या आल्या म्हणाले, "सिस्टर, सहा महिने रक्त पडत होतं. मूळव्याध समजून मलमं लावत बसलो. गाढवपणा केला. आता इलाज काय, बोला!"

इलाज आमच्या सर्जन मॅडमनी सांगितला. गाठ गुदाशयाच्या अगदी तळाशी, गुदद्वारापासून दोन बोटांवर होती. शौच रोखून धरणारा स्नायू तिथंच असतो. गाठीसोबत तो काढावा लागला तर पिशवी कायमची. वाचवता आला तर फक्त काही महिन्यांची.

"मॅडम, मी तीन-तीन तास कांद्याच्या ट्रॉलीवर उभा ऱ्हातो. मला तो स्नायू पायजे."

"मलाही तो वाचवायचाय काका. पण गाठीचा कण मागे ठेवून नाही. आधी औषधं आणि रेडिएशन देऊन गाठ लहान करू. मग बघू."

ते पाच आठवडे त्यांनी क्रांती चौकाजवळ भाच्याच्या घरी काढले. रोज सकाळी रेडिएशनला यायचे. वेटिंग रूममध्ये पंख्याखाली एकच खुर्ची होती आणि तिच्यावरून रोज कुरबूर व्हायची. तिसऱ्या दिवशी यांनी त्या खुर्चीचीच हर्राशी पुकारली. बोली रेडिएशनच्या झालेल्या बैठकांची!

"माझ्या अकरा!"

"इथं सतरा!"

"सतरा एक वार, सतरा दोन वार..."

मग कोपऱ्यातून अजिंठ्याच्या एक म्हाताऱ्या आजी हळूच म्हणाल्या, "माझ्या बावीस झाल्या बाबा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आजींना हाताला धरून खुर्चीत बसवलं. ज्या खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं, तिथं लोक एकमेकांच्या बैठका विचारू लागले.

दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. गाठ बरीच आक्रसली होती. मॅडम फिल्म उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "प्रयत्न करण्यासारखं आहे."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या पोटावर पेनानं दोन खुणा केल्या. उजवीकडची तात्पुरत्या पिशवीची, डावीकडची कायमच्या.

"डावीकडची पुसा," ते म्हणाले.

"दोन्ही राहतील काका. फैसला उद्या आत होईल. आणि डावीकडे आली तरी माझे कितीतरी पेशंट कायमची पिशवी लावून शेती करतात, शाळा शिकवतात. मी शिकवीन तुम्हाला."

त्यांनी उजवीकडच्या खुणेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आली तर शिकीन. पन आज मला उजवीकडचीच आस लावू द्या."

दुसऱ्या दिवशी मला थिएटरात उभं राहायची परवानगी मिळाली. मॅडमनी गाठ सुटी केली, तिच्या खालच्या कडेचा तुकडा तातडीनं तपासायला पाठवला आणि हात जोडल्यासारखे छातीशी धरून उभ्या राहिल्या. त्या कडेत रोग सापडला असता तर स्नायूही जाणार होता. नुसती मशिनची टिकटिक.

फोन वाजला. "कड साफ आहे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, उजवी!"

मग त्यांनी वरचं आतडं खाली ओढून घेतलं आणि खालच्या बाजूनं एकेक टाका हातानं घातला. तो जोड भरून येईपर्यंत उजवीकडची पिशवी. मी मात्र तोवर बाहेर पळाले होते. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, जिन्याजवळ उभ्या होत्या.

"पिशवी?" त्यांनी विचारलं.

"थोड्या महिन्यांची. कायमची नाही!"

त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवलं. "त्यान्ला मी सांगणार. तुमी बोलू नका हां!"

पण सांगायची वेळच आली नाही. भूल उतरताच त्यांचा हात चादरीखाली गेला. उजवीकडे पिशवी लागली. हात डावीकडे सरकला, तिथं नुसती कातडी. डोळे मिटलेलेच, पण चेहराभर हसू पसरलं. काकू वैतागल्या, "बघा, एवढंबी बोलू दिलं नाय मला!"

तीन महिन्यांनी जोड भरल्याची खात्री झाली आणि पिशवी निघाली. इथं गोष्ट संपायला हवी होती. पण खरी परीक्षा त्यानंतर लागली. दिवसातून बारा-बारा वेळा धावत जावं लागायचं. साठवणारा भागच गेलेला, स्नायू दुबळा झालेला. एकदा ते माझ्यासमोर रडले. "सिस्टर, कामून वाचवला तो? घराबाहेर पडायची चोरी झाली. पिशवी बरी होती."

मी म्हटलं, "वेळ लागतो काका. तो स्नायू आवळा, धरून ठेवा, सोडा. दिवसातून तीनदा. जेवणाच्या वेळा पाळा, औषध चुकवू नका. पुढच्या महिन्यात किती वेळा जावं लागलं ते सांगा."

बाराचे नऊ झाले. नवाचे सहा. मग एके दिवशी फोनवर नुसता आकडा, "चार!" आणि तो इतका ओरडून सांगितलेला, की मी फोन कानापासून लांब धरला.

पुढच्या वर्षी कांद्याच्या हंगामात मी मुद्दाम वैजापूरला गेले. यार्डात ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या होत्या. ते ट्रॉलीच्या कठड्यावर पाय रोवून उभे होते. खाली व्यापाऱ्यांचा घोळका, आणि डोक्यावरून तो आवाज. मी घड्याळ पाहिलं. एक तास झाला. दीड झाला. दोन तास झाले, आणि गडी एकदाही खाली उतरला नाही!

त्यांनी मला पाहिलं. हात हलवला, पण पुकार तोडली नाही. ही ट्रॉली आटोपली, ते उडी मारून पुढच्या ट्रॉलीवर चढले, मग त्याच्या पुढच्या. घोळका त्यांच्यामागे सरकत गेला. थोड्या वेळानं माझ्या आजूबाजूला कुणीच उरलं नाही. वाऱ्यावर कांद्याची लाल सालं तेवढी उडत होती, आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून त्यांचा आवाज येतच होता.