दादाची वाकड्या हँडलची सायकल

सायकल मी रागाच्या भरात बाहेर काढली. दादाला भेटायला आलेली एक दूरची मावशी खाटेशी बसून चहा पिता पिता म्हणाली, "आता त्या सायकलीचं काय काम? भंगारवाल्याले देऊन टाका." दादाने तोंड भिंतीकडे फिरवलं. मावशी अंगणाबाहेर पडायच्या आत मी गोठ्यात शिरले आणि धानाच्या तणसाच्या ढिगामागून ती सायकल ओढत बाहेर आणली. तापल्या डोक्याने केलेली माझी बहुतेक कामं फसतात. या कामाचा मात्र मला कधी पस्तावा झाला नाही.

ती साधी काळी सायकल नव्हती. दादा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता, तेव्हा कॉलनीतल्या एका साहेबाच्या मुलाची ही जुनी रेसर त्याने घेतली होती. टायर पातळ, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. आमच्या सावली गावात तसली सायकल कोणाकडे नव्हती. हा वाकून वाकून रस्त्यात काय शोधतो, म्हणून लोक हसायचे. दादाला कुठला फरक पडतो! सुटीत घरी आला की पहाटेच निघायचा, वैनगंगेच्या पुलावर जायचा, कठड्याशी उभा राहून पाणी पाहायचा आणि ऊन चढायच्या आत परतायचा.

दादाला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. आमच्या भागात हा आजार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दुखणं उठलं की तो खाटेची पाटी गच्च धरून पडायचा, उतरलं की पुन्हा सायकलवर. मग खुब्यात दुखायला लागलं आणि ते थांबेचना. कारखाना सुटला, तो घरी आला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोर एक्स-रे धरून सांगितलं, की रक्त पोचत नसल्यामुळे हाड मरत चाललं आहे, आणि याची तब्येत पाहता ऑपरेशन करायची हिंमत होत नाही. दादाने सगळं ऐकून घेतलं. बसमध्ये बसल्यावर म्हणाला, "धान घरी आलं का मी पुलावर जातो. पाह्यजो तू."

धान घरी यायच्या आत ती सायकल दुरुस्त करायची, असं मी ठरवलं. मला सायकल चालवता येत होती, खोलता येत नव्हती. दादा खाटेवरून हुकूम सोडायचा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे त्याने मुद्दामच सांगितलं नाही. मी दातओठ खात पाना ओढत होते आणि हा पोट धरून हसत होता.

"घट्ट करून राह्यली तू! अजून लाव जोर, मंग भंगारवाल्यालेच बोलवा लागन."

मी पाना आपटला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. मायही माझ्यावर चिडलेलीच होती, कारण चाकातले छर्रे मी तिच्या भाजीच्या वाटीत डिझेल ओतून धुतले होते.

गंज पॉलिश पेपरने घासून काढला. पातळ टायर चंद्रपूरहून आणावे लागले. सगळ्यांत जास्त वेळ मागच्या चाकाने खाल्ला. त्यात मोठा आऊट होता, फिरवलं की चाक डुलायचं. शाळेतून आले की मी सायकल उलटी करून खाटेशी आणायची. दादा रिमच्या अगदी जवळ खडू धरायचा आणि मी चाक फिरवायची. रीम जिथे बाहेर आलेली असे तिथे खडू लागायचा. मग मी तिथल्या तारा थोड्या आवळायची, थोड्या सैल करायची. डोकं उठवणारं काम, पण तेवढ्या वेळात आम्ही जितकं बोललो तितकं लहानपणानंतर कधी बोललो नव्हतो. बोलणं काही थोर नसायचं. शेजाऱ्याची बकरी, माझ्या शाळेतले मास्तर, मायचं मीठ जास्त झालेलं वरण.

कधी कधी त्याची बोटं सुजायची, खडू धरवायचा नाही. माय कापड गरम करून शेकत बसायची. त्या दिवशी मी चाकाला हात लावत नसे. एकटीने काम पुढे नेलं तर त्याच्यावाचून चालतं असं होईल, याची मला भीती वाटायची. खरं तर ते काम संपायलाच नको होतं. संपलं की त्याला त्या सायकलवर बसताना पाहावं लागणार होतं.

धान घरी आलं. दादा कुबडी टेकत अंगणात आला. पाय दांड्यावरून जाईना, म्हणून त्याने सायकल जमिनीवर आडवी करायला लावली. तो दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभा राहिला आणि मी सायकल त्याच्या पायांमधून हळूहळू उभी केली. मायने मागून सीट धरली. त्याने पायडलवर पाय ठेवला. पायडल वर आलं, गुडघा आला नाही. त्याने पुन्हा केलं. घाम हनुवटीवरून टपकत होता.

"पुरे कर रे बाबा," माय म्हणाली.

आम्ही त्याला उतरवून खाटेवर बसवलं. घाम पुसून तो म्हणाला, "पाना दे. सायकल इथी आन."

त्याने सीटचा नट सैल केला, सीट खाली दाबली, माझ्या पायांकडे पाहिलं, अजून थोडी दाबली आणि नट आवळला.

"जा. पुलावर पानी किती आहे ते पाहून ये, मले सांग."

"मी नाई जात."

"मंग एवढा आटापिटा कायले केला? जा म्हनतो न."

मी गेले. पुलावर सायकल कठड्याला टेकवली आणि भोकाड पसरून रडले. ट्रकवाले वळून वळून पाहत होते. परत आल्यावर त्याने विचारलं, "पानी?"

"भरपूर आहे."

"खोटी. या दिवसात नदीच्या मधात वाळू उघडी पडते. तू पाह्यलंच नाई." आणि वर म्हणाला, "उद्या परत जा. नीट पाहून ये."

मग मी रोज जात राहिले आणि रोज खरं सांगत राहिले. होळीच्या आधी तो गेला. सुटीच्या दिवशी मी अजून पुलावर जाते. धार कोणत्या खांबाकडे सरकली, वाळू कुठवर उघडी पडली, सगळं नीट पाहून घेते. घरी येऊन अंगणात सायकल टेकवते, आणि आता हे कोणाला सांगू, ते मला कळत नाही.