मान दुखते ती गल्ली

घरोघरी विजेचे मीटर वाचत बावीस वर्षं हिंडलेल्या बाईला सगळे मीटरमावशी म्हणत. तिची मान वाकडी झाली होती, जीभ मात्र सरळसोट.

यंदा पालिकेनं इंटरनेटवर एक नकाशा टाकला. पाऊसमान असंच बिघडत गेलं तर कुठल्या गल्लीत पाणी शिरेल, ते त्यात रंगानं कळे. निळ्या गल्लीला पंप आणि होडी. हिरवीला काही नाही, कारण ती सुरक्षित. मावशीची गल्ली हिरवीगार! नकाशाला नदी ठाऊक होती, गल्लीमागचा नाला नव्हता. मागच्या पुरात अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना तिनं नि नवऱ्यानं दाराच्या फळीवर घालून बाहेर काढलं होतं. ती तडक ऑफिसात गेली.

"साहेब, तुमचा नकाशा कोरडा, आम्ही ओले!"

इंजिनीअर हसला. "मावशी, नकाशात माहिती कुणीही भरू शकतं. पण पुरावा लागतो. पाणी कुठवर चढलं ते दाखवा. आज सहाला होड्यांची यादी बंद."

दाखवायचं काय, कपाळ? पूर ओसरल्यावर सगळ्यांनी आधी भिंतीच रंगवल्या होत्या. मावशी घरी येऊन पायरीवर मान चोळत बसली आणि चोळता चोळता हात थांबला. इतर गल्ल्यांत मीटर छातीशी असतो. इथं मान वर करावी लागते, कारण घरात पाणी शिरलं की जो तो मीटर त्या पाण्याच्या वीतभर वर चढवून घेतो!

शेजारचा शिंपी टेप घेऊन धावला. एकेचाळीस घरं. तो मापं ओरडे, ती फोटो काढून फोनवरून नकाशात भरी.

"पाच फूट दोन! कॉलर केवढी ठेवू?"

"टेप सरळ धर, मेल्या!"

घरात सासरे खाटेवरून म्हणाले, "सूनबाई, हा नीट मोज. दोनदा चढलाय."

सहाला पाच कमी असताना शेवटचं घर भरलं. थोड्या वेळानं इंजिनीअरचा फोन आला. "पटलं, मावशी. नकाशा बघा."

सारी गल्ली तिच्या फोनवर वाकली. हिरवं पुसलं गेलं नि या टोकापासून त्या टोकापर्यंत निळंच निळं झालं.

"बुडालो!" शिंपी नाचायलाच लागला. "सगळे बुडालो!"

टाळ्या, शिट्ट्या. रस्त्यानं चाललेला सायकलवाला घाबरून उतरला. "कोण बुडालं हो?"

"आम्ही!" मावशी हसत म्हणाली. "होडी मंजूर झाली."

आतून सासरे गरजले, "पुढची जागा माझी!"