देवघराचा सीन

मालिका लिहिता लिहिता केस पांढरे झाले, तेव्हा कुठे नवे लेखक निवडायला मला बोलवू लागले. गेल्या वर्षी दोन जागा होत्या. लोणावळ्याला कुरवंड्याच्या रस्त्यावर एक बंगला दोन दिवसांसाठी घेतला होता आणि अकरा तरुण मुलंमुली आली होती. निर्माता माझा जुना सहकारी. त्यानं आजवर निवडलेले लेखक बघितले तर सगळे एकाच गल्लीत वाढल्यासारखे, हे मी त्याला तोंडावर सुनावलं होतं. म्हणून या वेळी मी हटूनच बसले. नाव, गाव, कॉलेज काही दिसता कामा नये. बोर्डाच्या परीक्षेत चिकटवतात तशी प्रत्येक पेपरच्या कोपऱ्यावर पट्टी लावायची. तो हसला, पण कबूल झाला. मी स्वतःवर फार खूश होते.

पेपर मीच काढला. नव्या सुनेची सासरची पहिली सकाळ, देवघर, सासू आणि सून. आमच्या मालिकेत दर पंधरा दिवसांनी हा सीन येतोच, तेव्हा येणाऱ्याला तो लिहिता यायला हवा, एवढा माझा सरळ विचार.

त्यातल्या एका पेपरात संवाद खुसखुशीत होते, पण पूजेचा सगळा गोंधळ. आधी आरती, मग देवांना आंघोळ. कॅमेराही शेवटपर्यंत दारातच उभा. सासू पाठमोरी, तिचा हात तेवढा हलताना दिसतो आणि घंटी ऐकू येते. मी लाल पेनानं लिहिलं, 'घरातल्या रीती माहीत नाहीत. कॅमेरा दारात का? आत न्या.' खाली दहापैकी तीन.

संध्याकाळी शेरे मारलेले पेपर ज्याचे त्याला परत दिले. यादी दुसऱ्या दिवशी लागायची होती. चहाच्या वेळी एक मुलगी तो पेपर घेऊन माझ्याकडे आली. देहूरोडची. वडील तिथल्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेले, ती स्वतः एका दवाखान्यात रिसेप्शनला बसायची आणि दोन दिवस रजा टाकून आली होती. पूजेत आधी काय, मग काय, एवढंच तिला विचारायचं होतं. मी सांगत गेले, ती वहीत उतरवत गेली. घरी कुणी करत नाही का, असं मी सहज विचारलं.

“आमच्याकडे देवघर नाही, मॅडम. बुद्धांची मूर्ती आहे, वंदना असते. शेजारच्या काकूंची पूजा लहानपणी बघितलीय. दारातून दिसायचं तेवढं लिहिलं.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यानं मला जास्तच लागलं. आमचं घर मावळातलं, शेतीवाडीचं. शाळेत जाताना एक मैत्रीण रोज मला हाक मारायला यायची आणि माझं आटपेपर्यंत दारात उभी राहायची. तिला घरातलं कुणी कधी वाकडं बोललं नाही. पण 'आत ये' असंही कुणी म्हटलं नाही, आणि त्या कुणीमध्ये मीही होते. मला लाज वाटली. कपातला चहा तसाच राहिला.

मग मी लगेच उदार झाले. म्हटलं, तुला वेगळा सीन देते, तुझ्या घरातला लिही. तिनं वही मिटली.

“एकटीला नको. नवा द्यायचा तर सगळ्यांना द्या.”

निर्माता ऐकेना. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नावं झाकायचा हट्ट माझा, आणि नाव कळल्यावर नियम बदलायला निघालेली पण मीच. चिडले की माझी गावाकडची भाषा बाहेर पडते. “नावं झाकली रं, पर पेपर माज्या घरातला हाय. माज्या घरात वाढला त्याला सोपा, बाकीच्यांना न्हाई. मग परीक्षा कशाची घेतली आपन?” शेवटी तो तयार झाला, पण अट घातली: नवे पेपर तो आणि मालिकेचा दिग्दर्शक तपासतील आणि निवड त्यांवरच होईल. तिचं अक्षर आता मी ओळखणार, म्हणून मी हात लावायचा नाही. अट रास्त होती.

सकाळी मात्र मी माती खाल्ली. चॅनलला लिखाणाचा आणखी एक नमुना हवाय, असं मुलांना सांगितलं. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, असं मनाशी म्हणत होते. खरं म्हणजे चारचौघांत स्वतःची चूक कबूल करायची माझी तयारी नव्हती.

नवा सीन असा: कामावरून दमून आलेल्या दोघी जावा, दारात पाहुणे आणि सिलिंडर संपलेला. एक पेपर वाचताना निर्माता एकटाच हसत सुटला आणि दिग्दर्शकाला मोठ्यानं वाचून दाखवू लागला. दोघी जावा पाहुण्यांशी गोड बोलतायत आणि शेजारी सिलिंडर मागायला दुसरीनं जावं म्हणून एकमेकींना डोळ्यांनी खुणावतायत. पट्ट्या काढल्यावर कळलं, तो पेपर तिचा होता. ती दुसरी आली होती.

यादी वाचली. तिचं नाव आडनावासकट पुकारलं तशी ती उभी राहिली. तिच्या मागोमाग तिसरा आलेला मुलगाही उठला. तळेगावचा, सभ्य मुलगा. देवघराच्या सीनवर मी त्याला 'उत्तम' असं लिहून दिलं होतं. काल उत्तम होतं, तर आज पुन्हा पेपर कुणासाठी घेतला, असं त्यानं शांतपणे विचारलं. त्याला तो हक्क होता. मागून कुणीतरी पुटपुटलं, “समजून घ्या आता.” सगळे तिच्याकडे बघायला लागले. स्वतःच्या लिखाणावर मिळवलेली जागा, आणि मिळून दोन मिनिटं होत नाहीत तोवर ती मेहेरबानीची ठरली होती. माझ्या खोट्यापायी.

तिनं त्यांच्याकडे बघितलंच नाही.

“मॅडम, तुम्ही सांगता की मी सांगू?”

मी उठले. कालचा पेपर चुकीचा होता, तो मी काढला होता आणि सकाळी मी तुमच्याशी खोटं बोलले, असं सांगितलं. का चुकीचा, तेही सांगितलं, आमच्या घरच्या दाराचंसुद्धा. तळेगावच्या मुलानं मान हलवली. त्याचं समाधान झालं नव्हतं, आणि त्याला द्यायला माझ्याकडे तिसरी जागा नव्हती.

ती तोवर उभीच होती. माझं सगळं बोलून झालं, तेव्हा कुठे ती खाली बसली.