कय्युम मिस्तरीची हलती सीट

सावद्याला कय्युम मिस्तरींचं कमानपाट्यांचं दुकान होतं. ट्रकच्या चाकावर लोखंडी पट्ट्यांची चळत असते, गाडीचा भार आणि रस्त्याचा दणका ती घेते. तिला कमान म्हणतात, एकेका पट्टीला पाटा. पाटा तापवायचा, वाकवायचा, पाणी देऊन कडक करायचा, हे त्यांचं काम. घण मी मारायचो. सतरा वर्षं मारला.

मिस्तरींना बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. चहा उभ्याने, जेवण अर्धं उभ्याने. काम नसलं की जुने पाटे उचलून हातोडीने वाजवून बघायचे. आवाज बसका आला की बाजूला फेकायचे. गिऱ्हाईक नसतानाही.

१९८९च्या जूनमध्ये त्यांची मुलगी जरीना शिक्षिका झाली. जिल्हा परिषदेची शाळा, सातपुड्याखालचं गाव, सावद्याहून सव्वीस किलोमीटर. पहिलं वर्ष तात्पुरतं. मुख्याध्यापकांनी चांगला शेरा दिला तरच पुढची ऑर्डर निघणार. गावात एकट्या मुलीला राहायला खोली नाही, एसटी दुपारी एकदाच. म्हणून रोज लीलाधरच्या भाड्याच्या जीपने जायचं-यायचं ठरलं. त्याच जीपमधून मुख्याध्यापक तोताराम गुरुजी आणि आणखी काही मास्तर जात. पुढची डावी जागा त्यांची.

जरीनाला गाडी लागायची. रोज. निम्म्या वाटेत तोंड पांढरं पडायचं, मग जीप थांबवून ओकारी. शाळेत पोचल्यावर ती तासभर ऑफिसातल्या बाकावर डोळे मिटून पडायची आणि पहिलीचा वर्ग अंगणात हुंदडायचा. लिंबू झालं, आवळासुपारी झाली, कांदा हुंगून झाला. डॉक्टरच्या गोळीने ओकारी थांबली, पण वर्गात झोप यायला लागली. ते जास्त वाईट दिसलं.

गुरुजी वाईट नव्हते. ते स्वतः दुकानात आले आणि म्हणाले की दिवाळीच्या सुटीपर्यंत थांबतो, त्यानंतर मला खरं ते लिहावं लागेल.

मिस्तरींनी त्याच दिवशी लीलाधरची जीप दुकानात घेतली. आमच्याकडे केळीचे ट्रक येत. केळीला दणका बसला की डाग पडतो, म्हणून व्यापारी कमान नरम करून मागत. आम्ही पाटे काढून द्यायचो, गाडी झुलत जायची, घड जसाच्या तसा पोचायचा. मिस्तरींनी तेच केलं. मागच्या कमानीतले तीन-तीन पाटे काढले, पुढचे दोन-दोन. जीप पाळण्यासारखी झाली. बाकीचे मास्तर खूश झाले.

जरीनाला त्या दिवशी दोनदा ओकारी झाली. दुसऱ्या दिवशी तीनदा.

मिस्तरी म्हणाले, पोरीचं मन घाबरलंय, आठवडा जाऊ दे. आठवडा गेला. ती वाळली. शेवटी ते स्वतः जीपमध्ये तिच्यासमोर बसले आणि मलाही घेतलं. जीपच्या छताच्या दांडीला त्यांनी सुतळीने एक मोठा नट बांधला. वाटेत चार किलोमीटर नुसती खडी पसरलेली होती, डांबर पडायचं होतं. तिथे आमचे दात वाजले, नट थरथरला, पण जरीना ठीक होती. पुढे चांगला डांबरी रस्ता लागला. जीप संथ झुलायला लागली, नट घड्याळाच्या लंबकासारखा डावीउजवीकडे जायला लागला, आणि तिचं तोंड पांढरं पडलं.

 परत दुकानात आल्यावर मिस्तरी म्हणाले, "वना, आपण तिला केळी समजलो."

काढलेले सगळे पाटे परत चढवले. जीप कडक झाली, मास्तर कुरकुरले. जरीनाच्या ओकाऱ्या कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. डोंगराकडे जाणाऱ्या त्या रस्त्याला एकोणीस वळणं होती. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलायची, तिच्याबरोबर माणूस. मिस्तरींना आता दुसरं काही सुचेना. ट्रकखाली आडवे पडूनही ते वळणांबद्दल बोलायचे. दोनदा पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट न आवळता गाडी सोडायला निघाले होते, मी थांबवलं.

एकदा लीलाधर सहज बोलून गेला, "मी गाडी चालोतो तं मले काही होत नही भो. पन मांगं बसलो का माह्यंबी पोट गरगरते."

मिस्तरी ट्रकखालून बाहेर आले. मग म्हणाले, "चालवणाऱ्याला वळण आधी कळतं."

त्यातून ती सीट निघाली. सीटखाली मधोमध, गाडीच्या लांबीत, एक पाइप. पाइपवर सीट डावीउजवीकडे कलायची. दोन्ही बाजूंना मोडक्या पाट्यांचे तुकडे, ते सीट परत सरळ आणायचे. बाजूला एक दांडा, पिनेने सीटला जोडलेला. दांडा ओढला की सीट एका अंगाला कलते, ढकलला की दुसऱ्या. वळण यायच्या आधी जरीनाने सीट वळणाच्या आतल्या बाजूला कलवायची. गाडी बाहेर झुकेल, ती सरळ राहील.

पहिला दांडा ओढायला मी दोन हात लावले. मिस्तरींनी तोलकाटा अडकवून बघितला. चौदा किलो. एकोणीस वळणांना जाताना आणि येताना चौदा किलो ओढणारी मुलगी फळ्यावर काय लिहिणार, म्हणून त्यांनी तो फेकला. दुसरा नऊ किलो. तिसरा लांब केला आणि पाटे घासून पातळ केले. साडेपाच भरले. तीन रविवार गेले.

सीट पुढेच बसवायला हवी होती, कारण मागून रस्ता दिसत नाही. पुढची जागा गुरुजींची. मिस्तरी त्यांच्या घरी गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजी मागच्या फळीवर गुडघे मुडपून बसले होते. लीलाधर त्यांना म्हणाला, "गुरुजी, तुमची बदली झाली का?" गुरुजी म्हणाले, "तुझीही होईल, नीट चालव."

पहिल्या दिवशी जरीनाने दांडा उशिरा ओढला. गाडी एकीकडे, सीट दुसरीकडे. पाचव्याच वळणाला ओकारी. दुसऱ्या दिवशीही. मिस्तरी रोज संध्याकाळी जीपची वाट बघत रस्त्यावर येरझाऱ्या घालायचे आणि ती उतरायच्या आधी विचारायचे, कितव्या वळणाला? पाचव्या. नवव्या. पुन्हा सातव्या. मग एका गुरुवारी ती म्हणाली, झाली नाही.

त्यानंतर झाली नाही. साडेदहाला ती वर्गात उभी असायची.

सुटीला आठ दिवस राहिले होते. रविवारी मिस्तरींनी ग्रीस भरायला सीट खोलली. दांड्याची पिन तुटलेली होती. त्यांनी तुटलेला तुकडा उजेडात धरला. तुटलेल्या जागी गंज चढला होता. आज किंवा काल तुटलेलं लोखंड चकाकतं. ही पिन तुटून चार-पाच दिवस झाले होते. सीट तितके दिवस कललीच नव्हती.

त्यांनी जरीनाला दुकानात बोलावलं. ती म्हणाली, मंगळवारी तुटली.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सीट काढून नेली असती, अब्बा. मग मला मागे बसावं लागलं असतं."

"दांडा?"

"ओढतच होते. हात जातो. वळण कुठे आहे ते मला आता कळतं ना."

"ओकारी?"

"नाही झाली."

ती घरी गेली. मिस्तरी पिनेचा तुकडा तळहातावर फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "वना, हे काम झालं की नाही झालं?"

मी म्हणालो, पोरगी वेळेवर वर्गात उभी राहते, अजून काय पाहिजे.

"ते वेगळं," ते म्हणाले. "मी कामाचं विचारतोय. सीटने केलं, दांड्याने केलं, की तिला पुढे बसवलं म्हणून झालं? पुढे बसवायला तीन रविवार लागत नाहीत."

 त्यांनी भट्टी पेटवली, पाट्याच्या पोलादाची नवी पिन केली, पहिलीपेक्षा दीड सूत जाड. पाणी दोनदा दिलं, कारण पहिल्यांदा मनासारखं बसलं नव्हतं.

सुटीच्या आदल्या दिवशी गुरुजींनी शेरा लिहिला आणि जीपमध्येच जरीनाला वाचून दाखवला. काम समाधानकारक, पुढे नेमणूक द्यावी. पेढे दुकानात आले. मिस्तरींनी अर्धा खाल्ला, अर्धा ऐरणीवर ठेवून विसरले.

शाळा पुन्हा उघडली त्या सकाळी ते मला घेऊन सावद्याबाहेरच्या पहिल्या वळणावर जाऊन उभे राहिले. जीप आली. जरीनाने आम्हाला पाहिलं नाही, ती रस्त्याकडे बघत होती. आधी तिची सीट कलली, मग गाडी.

"बघितलं?" मी विचारलं.

"पुढचं वळण उलट्या अंगाचं आहे," मिस्तरी म्हणाले आणि जीपच्या मागे चालायला लागले.