तेल घालणाऱ्या पोरीचं राज्य

नववीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात मी एक जाडजूड पुस्तक वाचलं आणि त्याच्यापायी दोन मोठ्या माणसांशी भांडले. शेवटी त्या पुस्तकाशीसुद्धा भांडले.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही हिंगोलीत रेल्वे स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीत राहायचो. बाबा एसटीच्या डेपोत कामाला होते. माय हंगामात मोंढ्यातल्या एका आडत दुकानात हळद निवडायला जायची. वस्तीतल्या बुद्धविहारात एक लोखंडी कपाट होतं, त्यात दीड-दोनशे पुस्तकं. कपाटाची किल्ली एका रिटायर पोस्टमनकडं असायची. त्यांना सगळी वस्ती मामा म्हणायची. पोस्टात होते तेव्हा पत्र जसं ज्याचं त्याच्याच हातात द्यायचे, तसंच पुस्तकाचं. कुणाला कोणतं द्यायचं ते मामाच ठरवायचे.

त्या दिवशी खालच्या खणात मला ते सापडलं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली चार पानं गेलेली. नाव नाही, लेखक नाही. कुठल्यातरी परक्या भाषेतून मराठीत आणलेलं असावं. मी मधलंच एक पान उघडलं. राजवाड्यातल्या दिव्यांना तेल घालणारी पंधरा वर्षांची पोर एका दालनात शिरत होती आणि पडद्याआड कुणीतरी श्वास रोखून उभं होतं.

"हे नको," मामा म्हणाले. "राजाराणीचं हाय. लहान लेकराचं. तुला चरित्र देतो, चांगलं मोठ्या माणसाचं."

"चरित्रं तीन वाचली म्या. मला हेच पाहिजे."

"काहून? राजाचं वाचून आपल्याला काय करायचं? राजांनी आपलं काय भलं केलं?"

"भलं न्हाई केलं म्हणून तर बघायचं, आत बसून काय करतेत ते."

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. वहीत नोंद केली आणि म्हणाले, "पंधरा दिवस. पान दुमडायचं न्हाई."

मी ते चार दिवसांत संपवलं. नळाला पाणी यायचं तेव्हा रांगेत उलट्या घागरीवर बसून वाचलं, भाकरी भाजताना वाचलं. एक भाकर जळाली, मायनं पाठीत धपाटा घातला, तरी वाचलं. एवढी मजा मला आधी कोणत्याच पुस्तकात आली नव्हती. त्या पोरीला एक गुण होता. दिवा फुंकर मारून विझवला, की त्या उजेडात दिवसभर जे जे बोललं गेलं ते तिला ऐकू यायचं. म्हातारा राजा आजारी, आणि तीन प्रधान त्याच्या औषधात रोज थोडं थोडं विष कालवताहेत. धाकटा राजपुत्र जीव वाचवायला मुका असल्याचं सोंग घेऊन राहिला आहे. हे सगळं त्या राजवाड्यात फक्त तिला माहीत, आणि तिच्याकडं कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. मला ते फार आवडलं. कुणी बघत नाही म्हणून तिला सगळं दिसतं.

मग निम्म्याच्या पुढं कळलं, की ती पोर गरिबाघरची नाहीच. ती राजाचीच हरवलेली मुलगी. खांद्यावर खूण आहे आणि दिव्याचा गुण राजघराण्याच्या रक्तातूनच आला आहे. खरं सांगते, ते वाचताना माझ्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं. घरातल्या आरशात मी माझा खांदासुद्धा बघून घेतला.

पाचव्या दिवशी मायचा डबा द्यायला मोंढ्यात गेले. पत्र्याच्या शेडखाली बारा-तेरा बाया सूप घेऊन बसलेल्या. लांब हळकुंडं एकीकडं, गोल गट्टू, म्हणजे गड्डे, दुसरीकडं, माती आणि मुळ्या तिसरीकडं. हवेत हळदीची धूळ, म्हणून सगळ्यांनी नाकावर पदर बांधलेले. माझ्या काखेत पुस्तक होतं. मायच्या शेजारी एक म्हातारी बसायची, धनगरांची. मेंढरं विकल्यावर ती मोंढ्यात कामाला यायला लागली होती. तिनं विचारलं, "काय हाय गं त्यात?"

मी सांगायला लागले. सांगता सांगता वाचायला लागले. दुपार कधी गेली कळलं नाही. निघताना म्हातारी म्हणाली, "उद्या ये. त्या मुक्याचं काय झालं ते ऐकल्याबिगर मला घास गिळायचा न्हाई."

मी रोज जायला लागले. बाया मधे मधे प्रधानांना शिव्या घालायच्या, राजवाड्यातल्या आचाऱ्यावर संशय घ्यायच्या. चौथ्या दिवशी दुकानाचा मुनीम आला. दुकानाच्या दारात उभा राहून त्यानं थोडा वेळ ऐकलं, मग मायला म्हणाला, "ए बाई, ही तुझी पोरगी ना? इथं काय शाळा भरली काय? उद्यापासून ही दिसली तर तू पण येऊ नको."

माझं तोंड पडलं. मी पुस्तक मिटलं. मायनं हातातलं सूप खाली ठेवलं. म्हातारीनंही ठेवलं. मग एकेक करून सगळ्यांनी. शेडखाली एकदम एवढी शांतता झाली की बाहेर हमालांचं ओरडणं ऐकू यायला लागलं.

"हे काय?" मुनीम म्हणाला.

"काय न्हाई," माय म्हणाली. "कान बंद करायला सांगितले तुमी. आमचे हात कानासंगं चालतेत. बराबर बघा, ती वाचाय लागल्यापासून माल जास्त निघून राहिला का कमी?"

जास्तच निघत होता. सगळ्यांनाच गोष्ट संपेपर्यंत जागेवरून उठायचं नसायचं. बाहेर पोत्यांची थप्पी लागलेली, पाऊस तोंडावर आलेला, आणि त्या दिवसांत हळदीला माणसं मिळत नव्हती. मुनीमानं थप्पीकडं बघितलं.

"वाचू द्या," तो म्हणाला, "पण मोठ्यानं नको."

"मोठ्यानं न्हाई वाचलं तर त्या टोकाच्या बाईला कसं ऐकू येईल?" म्हातारी म्हणाली.

तो निघून गेला. मी पहिल्यापेक्षा मोठ्यानं वाचलं.

दोन दिवसांनी खांद्यावरच्या खुणेचं प्रकरण आलं. मी आवाज चढवून, रंगवून वाचलं. मला वाटलं बाया टाळ्या पिटतील. पण म्हातारीनं एक हळकुंड ढिगात जोरात फेकलं.

"म्हंजे तेल घालणाऱ्या पोरीला अक्कल नसतेच म्हण की. राजाच्या पोरीलाच असते."

"तसं न्हाई आजी," मी म्हणाले, "तिच्या रक्तातच तो गुण असतो."

"रक्तात," माय म्हणाली. तिनं नाकावरचा पदर खाली घेतला. "रक्ताचं आमाला नको सांगू. रक्त बघून लोकांनी आमाला हिरीवर पाणी भरू दिलं न्हाई. पंधरा वर्षं ती पोर चटके खाऊन शिकली, आन् आता सगळं त्या राजाच्या नावावर? तू पहिली आलीस शाळेत, ते कुणाच्या रक्तानं? मी काय राणी हाय?"

आरशात खांदा बघितलेला आठवला आणि कान गरम झाले. राग आला, आधी मायचा, मग माझा स्वतःचा. घरी जाईपर्यंत तो पुस्तकावर येऊन थांबला. ज्या पुस्तकानं मला एवढं सुख दिलं, त्यानंच मला गुपचूप शिकवलं होतं, की मी आहे तशी पुरेशी नाही. आवडलेल्या माणसानं फसवावं तसं झालं.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडून बसले आणि पुस्तकात नाही ते वाचायला लागले. भर दरबारात एक प्रधान तिच्या खांद्यावरची खूण दाखवतो आणि ओरडतो, "ही राजकन्या!" ती म्हणते, "ही खूण उकळत्या तेलाच्या चटक्याची आहे. सातव्या वर्षी पडली. दिव्याचं म्हणाल तर मी जन्मभर गप राहून ऐकलं, म्हणून मला ऐकू येतं. तुम्हीही ऐकलं असतं तर तुम्हालाही आलं असतं." मग ती दरबारातला एकेक दिवा विझवते आणि त्याच्या उजेडात प्रधान काय काय बोलले ते त्यांच्याच आवाजात बोलून दाखवते. शेवटचा दिवा विझतो तेव्हा तो मुका राजपुत्र सगळ्यांसमोर तोंड उघडतो आणि म्हणतो, "ही खरं बोलते."

"आस्सं!" म्हातारी म्हणाली. टोकाच्या बाईनं शिट्टी मारली. बाईमाणसाला शिट्टी मारताना मी पहिल्यांदाच बघितलं.

घरी जाताना माय म्हणाली, "आज तासभर वाचलंस, पण पान एकबी उलटलं न्हाईस."

मग ती रस्ताभर हसत होती.

पंधरा दिवस पुरे झाले तेव्हा पुस्तक परत नेलं. माझा शेवट मी वहीच्या अकरा पानांवर लिहून काढला होता आणि खळीनं मागं चिकटवला होता. मामांनी पुस्तक चाळलं. कडांना हळदीच्या बोटांचे ठसे होते, ते बघून पुढचं पान उलटलं. मागची पानं दिसली तसे उठून उभे राहिले.

"विहाराच्या पुस्तकात लिहिलंस?"

"लिहिलं न्हाई. चिकटवलं. त्यांचा शेवट चुकलाय, मामा."

"छापलेल्या पुस्तकाला चूक म्हणतीस?"

"चुकलं तर चूक म्हणायचं न्हाई काय? तुमीच सांगता ना विहारात, कुणी म्हणतंय म्हणून खरं मानायचं न्हाई."

मामा खाली बसले. अकराही पानं त्यांनी माझ्यासमोर वाचली, ओठ हलवत, पोस्टकार्ड वाचावं तशी. मला वाटलं आता फाडून काढतील.

"राजा मेल्यावर राज्य कोण चालवतं ते न्हाई लिहिलं तू," ते म्हणाले. "ती पोर तर राजकन्या न्हाई. मग गादीवर कोण?"

"कुणीच न्हाई."

"कुणीच न्हाई म्हणून भागत न्हाई. कायदा कोण करतं? पाणी कोण वाटतं? ते लिहून आण."

ते लिहायला मला सगळा जून लागला. प्रधानांना पाडणं सोपं होतं, पण त्यांच्या जागी काय आणायचं हे ठरवताना बाबांची जुनी नागरिकशास्त्राची पुस्तकं काढावी लागली. एकोणीस पानं झाली. मामांनी तीही चिकटवून घेतली आणि वहीत त्या पुस्तकापुढं, नावाच्या रिकाम्या जागी, लिहिलं: 'तेलवाली, सुधारलेली.'

पुढं मी बी.ए. केलं, बी.एड. केलं. दोन हजार सालानंतर सहा-सात वर्षांनी आखाडा बाळापूरकडच्या एका शाळेत मुलाखतीला गेले. टेबलामागं पाच जण. मधल्या साहेबांनी विचारलं, "मराठीच्या शिक्षिका व्हायचंय. कोणत्या ग्रंथानं तुम्हाला घडवलं?" काय उत्तर द्यायचं असतं ते मला माहीत होतं: एखाद्या मोठ्या माणसाचं चरित्र. माझ्या आधी आत गेलेली दोघं तेच देऊन आली होती.

मी म्हणाले, "एका राजवाड्याच्या कादंबरीनं. नाव माहीत नाही. मोठ्या मुलांसाठीची, जादूची."

एक जण हसला. साहेब म्हणाले, "असल्या फालतू पुस्तकातून काय शिकलात?"

"ते फालतू नव्हतं," मी म्हणाले. "मला ते फार आवडलं होतं. म्हणूनच मी त्याच्याशी भांडले. न आवडलेल्या पुस्तकाशी कुणी अकरा पानं भांडत नाही." आणि मी त्यांना गोष्ट सांगायला लागले; प्रधानांच्या विषापर्यंत पोचायच्या आतच त्यांनी मला थांबवलं.

ती नोकरी मला मिळाली नाही. पुढच्या वर्षी कनेरगाव नाक्याच्या एका शाळेत मिळाली. तिथं मुलाखतीत पुस्तकांचं कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी तेच सांगितलं असतं, आणि या खेपेला प्रधानांच्या विषापासून सुरुवात केली असती.