यांचं पथ्य

हे ठाण्याला मिठाच्या चौकीवर कारकून होते. एका उन्हाळ्यात यांची कानशिलं उडू लागली, उठताना तोल जाऊ लागला. वैद्यांनी नाडी पाहिली आणि सांगितलं की रक्ताचा जोर चढला आहे, आवरला नाही तर एके दिवशी अर्धं अंग जाईल. उपाय म्हणजे जेवण अळणी, आणि रोज संध्याकाळी लांबवर पायी फिरणं. माझ्या पदरात दोन लहान मुली. चौकीवरच्या साहेबाच्या कानी गेलं तर नोकरी जाईल म्हणून सासूबाईंनी बजावलं, या आजाराबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही.

त्या दिवसापासून यांचं वेगळं रांधू लागले. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, दुधी, वर लिंबाची फोड. यांच्याच ताटात मागाहून जेवायची रीत, तेव्हा मीही अळणीच गिळत होते. संध्याकाळी हे काठी घेऊन कोपरीकडे फिरायला जात आणि हसतमुख परत येत. मला वाटे, चला, गुण येतोय.

कसला गुण! दिवाळीपर्यंत पायांवर सूज आली. पोटात मीठ जातंय कुठून, असं वैद्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याला चव लागावी म्हणून हीच चोरून चिमूट टाकते, असं त्यांनी ठरवूनच टाकलं आणि मला चुलीपासून उठवलं. हे पान चघळत खाली बघत होते. चोर सोडून संन्याशाला सुळी! आणि तो संन्यासी इतका भोळा, की आपल्याच हातून चूक झाली असेल म्हणून रडत बसला.

कोपरीला माझ्या धाकट्या नणंदेचं सासर होतं. तिला मूल होईपर्यंत सासूबाई लेकीच्या दारी जाणार नव्हत्या, म्हणून तिच्या डोहाळजेवणाला मी एकटीच गेले. तिनं मला माजघरात नेलं.

"वहिनी, रागावू नका. पण दादाला तुम्ही अळणी का जेवायला घालता? रोज संध्याकाळी इथे येतो आणि लोणच्यापापडावर तुटून पडतो. म्हणतो, बायको कसला तरी सूड उगवतेय."

तिला आजाराचा पत्ताच नव्हता. मी सांगितलं, तेव्हा कुठे तिला कळलं की आपण भावाला काय वाढत होतो.

घरी येऊन मी यांना विचारलं, "मीठ खाल्लंत ते जिभेपायी, समजले. पण सासूबाईंसमोर गप्प का बसलात? आणि वन्संकडे माझी निंदा कशाला?"

हे शांतपणे म्हणाले, "अगं, खरं कळलं असतं तर आईनं मला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. तुझं काय बिघडलं? तू कुठे जाणार आहेस?"

सासूबाईंना मीच सगळं सांगितलं. पुरुषाची जीभ, चालायचंच, एवढं बोलून त्यांनी मला पुन्हा चुलीपाशी बसवलं. मी पुन्हा अळणी रांधू लागले. मुलींना बाप हवा होता. मला नवरा हवा होता का, हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी हो म्हटलं नसतं.